आउटडोअर एज्युकेशनचं कॉलेज निवडताना डोंगराआधी काय बघायचं

आउटडोअर एज्युकेशनची, म्हणजे डोंगर-पाण्यावर गट नेऊन शिकवण्याची, पदवी देणाऱ्या कुठल्याही कॉलेजची माहितीपुस्तिका उघडा. मुखपृष्ठावर कडा असतो, कड्यावर हेल्मेट घातलेली हसरी मुलगी असते, मागे बर्फ नाहीतर निळंशार पाणी. दहा कॉलेजांची मुखपृष्ठं आपसात बदलली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. मग विद्यार्थी डोंगर बघून निवड करतो: जिथला डोंगर मोठा, ते कॉलेज भारी. डोंगराला महत्त्व आहे, पण यादीत तो चौथा-पाचवा यावा असं माझं मत आहे. पहिला प्रश्न हा असावा: इथून बाहेर पडेपर्यंत मी किती दिवस दुसऱ्या माणसांची जबाबदारी घेतलेली असेल, आणि त्या वेळी माझ्याकडे लक्ष ठेवून कोण असेल?

हा प्रश्न सगळ्यात वर का, हे कळायला ही पदवी कशाची आहे ते आधी पाहावं लागतं, कारण एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

या क्षेत्राची आजची घडण बरीचशी विसाव्या शतकातली. जर्मन शिक्षक कुर्ट हान नाझी राजवटीमुळे देश सोडून ब्रिटनमध्ये आले. १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडव्ही इथे जहाज कंपनी चालवणाऱ्या लॉरेन्स होल्ट यांच्या साथीने त्यांनी आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा सुरू केली. युद्धात जहाजं बुडत होती, आणि जीवरक्षक होडीत तरणेताठे खलाशी जुन्या खलाशांच्या आधी हार मानतात असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. महिनाभराच्या त्या शिबिरात समुद्र आणि डोंगर हे साधन होतं. घडवायचा होता तो माणूस.

अमेरिकेत पॉल पेट्झोल्ट यांचा कल वेगळा होता. १९३८ सालच्या अमेरिकन के-टू मोहिमेतले हे गिर्यारोहक पुढे कोलोरॅडोतल्या आउटवर्ड बाउंडमध्ये शिकवत होते, तेव्हा त्यांना दिसलं की मुलांना रानात नेणारे लीडरच पुरेसे तयार नाहीत. म्हणून १९६५ साली त्यांनी वायोमिंगमधल्या लँडर गावी नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं. सगळे त्याला नोल्स म्हणतात. तिथला भर लीडर घडवण्यावर: नकाशा, स्वयंपाक, दोर, हवामान आणि मुख्य म्हणजे निर्णय. नॉर्वेतली फ्रिलुफ्ट्सलिवची परंपरा या दोन्हींपेक्षा निराळी. तिथे थरार आणि स्पर्धा बाजूला ठेवून थोडक्या सामानात निसर्गात राहायला शिकवतात. आर्ने नेस यांच्यासारखा गिर्यारोहक तत्त्वज्ञ या परंपरेशी जोडलेला असल्यामुळे तिच्यात विचाराचा भागही जड आहे.

आजच्या पदव्यांमध्ये या तिन्ही धारा कमीअधिक मिसळलेल्या असतात, आणि वर पर्यटनाचा धंदा आलाय. आउटडोअर एज्युकेशन, ॲडव्हेंचर एज्युकेशन, आउटडोअर लीडरशिप, रिक्रिएशन मॅनेजमेंट, ॲडव्हेंचर टुरिझम अशी नावं असतात आणि नावावरून फारसं काही कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांची यादी मागवा. मार्केटिंग आणि हिशेब दिसले तर ती व्यवस्थापनाची पदवी आहे. मुलांची वाढ, गट कसा चालतो, अनुभवातून शिकणं कसं घडतं हे विषय असतील तर शिक्षणाची. नदी, कडा आणि बर्फ यांनीच पान भरलं असेल तर तिथे गाइड तयार होतात. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं काही नाही, पण शाळेत काम करायची इच्छा असलेला मुलगा गाइडच्या कोर्सला गेला की तिसऱ्या वर्षी दोन्हीकडून वैताग होतो. स्वतःला सहज चढता येणं हे एक कौशल्य. दोराला लोंबकळताना हातपाय गळालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीशी शांतपणे बोलत तिला खाली आणता येणं हे दुसरं. आणि ती उतरल्यावर त्या अनुभवाचं तिच्यासाठी काय करायचं हे उमगणं तिसरं. शिक्षणाची म्हणवणारी पदवी या तिसऱ्याला किती वेळ देते ते बघावं.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच पालकांना ठाऊकच नसते. पदवी आणि काम करायची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये हिवाळा सोडून इतर दिवसांत डोंगरावर गट न्यायचा तर सहसा माउंटन लीडर ही पात्रता मागतात. तिच्या प्रशिक्षणाला बसण्याआधी २० आणि परीक्षेआधी निदान ४० दर्जेदार डोंगर-दिवस लॉगबुकात नोंदलेले लागतात. नेहमीच्या ओळखीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा मारलेली चक्कर त्यात धरत नाहीत. अमेरिकेत कामाप्रमाणे कागद बदलतो: कड्यावर शिकवायला अमेरिकन माउंटन गाइड्स असोसिएशनचा सिंगल पिच इन्स्ट्रक्टर, पॅडलिंगला, म्हणजे वल्ह्याच्या होड्यांना, अमेरिकन कनू असोसिएशनची पात्रता, हिमस्खलनाच्या भागात जायला ॲव्हलांचचा कोर्स. आणि या सगळ्यांच्या जोडीला वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर. हा साधारण ७० ते ८० तासांचा, आठ-दहा दिवस चालणारा प्रथमोपचाराचा कोर्स. दवाखाना तासन्‌तास लांब असताना मोडलेल्या पायाला काय बांधायचं, कुणाला तातडीने खाली न्यायचं आणि कुणाला तंबूत थांबवलं तरी चालेल, हे त्यात शिकवतात.

हे प्रमाणपत्र संस्थेनुसार दोन किंवा तीन वर्षं चालतं. कॉलेजने ते पहिल्याच वर्षी करून घेतलं आणि पुढे उजळणीची सोय केली नाही, तर पदवी हातात येते त्या दिवशी ते बाद झालेलं असतं आणि पहिल्या नोकरीच्या अर्जाआधी पुन्हा खर्च. म्हणून नुसतं ‘प्रमाणपत्रं मिळतात का’ एवढं विचारून भागत नाही. कुठली, कोणत्या वर्षी, फीमध्ये धरलेली की वेगळी, परीक्षा कॉलेजचेच शिक्षक घेतात की बाहेरचा परीक्षक येतो, हे सगळं विचारायचं. बाहेरचा परीक्षक असेल तर मी त्या कॉलेजला चार गुण जास्त देईन.

मग पदवी हवीच कशाला? प्रामाणिक उत्तर असं की नुसतं प्रशिक्षक व्हायचं असेल तर कित्येकदा नकोच. अनेक केंद्रं नवख्यांना शिकाऊ म्हणून घेतात, राहायची-जेवायची सोय करतात आणि वर्षभरात दोन-तीन पात्रता पदरात पाडून देतात. पदवीचा उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो: शाळेचा कार्यक्रम आखायचा, जोखमीचा आराखडा लिहायचा, केंद्र चालवायचं, संशोधन करायचं किंवा शिक्षक व्हायचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आउटडोअर अँड एन्व्हायर्नमेंटल स्टडीज हा बारावीच्या परीक्षेचा विषय आहे, म्हणजे तो शिकवणारे शिक्षक लागतात. मात्र शाळेत शिक्षक व्हायचं तर त्या त्या ठिकाणची शिक्षक-नोंदणी लागते आणि ती आउटडोअरच्या पदवीत आपोआप येत नाही. पुढे आणखी एक वर्ष शिकावं लागणार का, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आता मूळ मुद्दा, फील्डमधले, म्हणजे प्रत्यक्ष डोंगर-पाण्यावरचे दिवस. प्रत्येक कॉलेज एक आकडा सांगतं आणि तो ऐकायला छान वाटतो. पण तो आकडा फोडून मागायचा असतो, कारण शंभर दिवस आणि शंभर दिवस सारखे नसतात.

काही दिवस शिक्षकाच्या मागून चालण्याचे असतात. गाठी, नकाशा, होडी उलटली तर सरळ करणं हे सगळं त्यात येतं. सुरुवातीला हे हवंच. काही दिवस वर्गमित्रांचं नेतृत्व करण्याचे असतात: आज तू लीडर, बाकीचे नवखे असल्याचं नाटक करतील. हेही उपयोगाचं, पण यात एक गोम आहे. वर्गमित्रांना गाठ मारता येते, त्यांचे बूट पायात बसलेले असतात, ते पाणी पितात, आणि लीडरचं चुकतंय असं दिसलं तर नकळत सांभाळून घेतात. खऱ्या गटात असं काही नसतं. एकाचा बूट लागलेला असतो आणि त्याने ते तीन तास सांगितलेलं नसतं. एकीने सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो, कारण उघड्यावर जायची लाज वाटते. एकाला घरची आठवण येतेय आणि तो ती सगळ्यांवर चिडून दाखवतो. सोबतच्या शिक्षिकेला चारची बस गाठायची असते. हे सगळं चालू असताना ढग भरून येतात आणि पुढे जायचं की मागे फिरायचं हे तुम्हाला ठरवायचं असतं.

असे दिवस, ज्यात खरा गट तुमच्या हाती आहे आणि अनुभवी शिक्षक थोड्या अंतरावरून बघतो आहे, तेच या पदवीचं खरं भांडवल. मागच्या सीटवर बसून कितीही प्रवास केला तरी गाडी चालवायला येत नाही, तसं हे. चांगला शिक्षक तुम्हाला लहान चूक करू देतो, मोठी होण्याआधी मध्ये पडतो आणि त्याच संध्याकाळी बसवून विचारतो की त्या वळणावर तू का थांबलास, तेव्हा तुला काय दिसत होतं. हे लेखी होतं का, लॉगबुकवर त्याची सही असते का, तेही बघा. दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत तोच कागद कामी येतो. कॉलेजला थेट विचारा: मी पास होईन तेव्हा माझ्या नावावर खऱ्या गटाबरोबरचे किती दिवस असतील? ज्यांच्याकडे उत्तर असतं ते चटकन देतात. ‘भरपूर संधी असतात’ असं आलं तर समजायचं की ती शोधायची जबाबदारी तुमची आहे.

याच्या जोडीला सगळ्यात लांब सलग मोहीम किती दिवसांची, हेही विचारावं. दर बुधवारी डोंगरावर जाऊन संध्याकाळी खोलीवर परतणं आणि सलग दोन-तीन आठवडे बाहेर राहणं यात फार फरक आहे. पाचव्या दिवशी ओले मोजे वाळत नाहीत, शिध्याचा अंदाज चुकलेला कळतो, पहिल्या दिवशी गोड वाटलेला सोबती नकोसा होतो. गट कसा चालतो हे वर्गातल्या व्याख्यानातून कळतं त्याच्या कितीतरी पट तिथे कळतं. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट कॉलेजने तर नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच रानात नेण्याची प्रथा वर्षानुवर्षं चालवली, ती याचसाठी.

जागेबद्दल थोडक्यात. कोलोरॅडोतलं गनिसन समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या आसपास आहे, तिथल्या वेस्टर्न कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत बर्फ दाराशी. इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ कम्ब्रियाचा ॲम्बलसाइड कॅम्पस विंडरमिअर तलावाच्या वरच्या टोकाला. कॅनडात लेकहेड युनिव्हर्सिटीला सुपीरियर सरोवर शेजारी. जवळच्या डोंगराचा खरा फायदा असा की दुपारी दोनला तास संपला तरी तीनला तुम्ही वाटेला लागलेले असता. प्रवासात पाच तास घालवणाऱ्या कॉलेजात तेच दिवस बसमध्ये जातात. मात्र कॅलेंडर विसरू नका. उत्तर गोलार्धात वर्ग साधारण सप्टेंबर ते मे असतात, म्हणजे तुम्ही शिकता ते शरदात, थंडीत आणि चिखलात. डिसेंबरात ॲम्बलसाइडला दुपारी चारच्या सुमारास अंधारतं. पुस्तिकेतले उन्हाळ्याचे फोटो काढले जातात तेव्हा विद्यार्थी बहुधा कुठल्यातरी कॅम्पमध्ये हंगामी काम करत असतात. तो उन्हाळा वाया जात नाही. खऱ्या गटाबरोबरचे बरेचसे दिवस तिथेच मिळतात, म्हणून कॉलेजचे कोणत्या केंद्रांशी संबंध आहेत ते पाहावं.

सुरक्षिततेबद्दल विचारायला लोक बिचकतात. बिचकू नये. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम बेमध्ये कायाकने निघालेल्या शाळेच्या गटातली चार मुलं दगावली. त्यांना नेणाऱ्या साहस केंद्राच्या दोन माजी प्रशिक्षकांनी तिथल्या सुरक्षेबद्दल आधीच लेखी इशारा दिला होता, असं पुढे उघड झालं. १९९५ साली कायदा झाला आणि अशा केंद्रांना परवाना लागू लागला. १५ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडच्या मंगाटेपोपो घळीत पाणी अचानक चढलं आणि सहा विद्यार्थी व त्यांचे शिक्षक गेले. नंतर तिथेही साहसी उपक्रमांसाठी नियम कडक झाले. या दोन्ही घटना चांगल्या अभ्यासक्रमात वर्गात बसून उलगडल्या जातात: हवामानाचा अंदाज कुणी बघितला, कुणाला शंका आली, ती बोलून का दाखवली गेली नाही. तेव्हा कॉलेजला विचारा की थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद तुम्ही कशी ठेवता, आणि गेल्या वर्षी त्यातून काय बदललं. ‘आमच्याकडे कधीच काही झालेलं नाही’ हे उत्तर मला सर्वात कमी आवडतं. डोंगरात काहीच होत नाही असं नसतं, फक्त नोंद होत नाही.

कॅम्पस बघायला जाणं जमलं तर लायब्ररी पाच मिनिटांत आटपा आणि सामानाची खोली दाखवा म्हणून सांगा. माझा या खोलीवर पुस्तिकेपेक्षा जास्त विश्वास आहे. प्रत्येक दोराला क्रमांक आहे का? तो कधी घेतला, किती वेळा वापरला, कुणी तपासला याची वही आहे का? दोर, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे) आणि स्लिंग (पट्टीचे फास) अशा कापडी सामानाला बहुतेक उत्पादक कमाल दहा वर्षांची मुदत देतात, न वापरता पडून राहिलं तरी. बाद झालेला दोर कापून टाकतात की ‘असू दे’ म्हणून कोपऱ्यात ठेवतात? ओले तंबू टांगून वाळवलेत की गुंडाळून कोंबलेत? लहान मापाचे हार्नेस, रुंद पायाचे बूट, कमी उंचीच्या पाठीच्या सॅक आहेत का, की सगळं एकाच मापाच्या तगड्या मुलासाठी घेतलंय? खोली सांभाळणारा माणूस कायमचा आहे का, आणि विद्यार्थी त्याला हाताशी काम करतात का? सामान फुकट वापरायला मिळतं की भाडं, शनिवार-रविवारी स्वतःच्या सरावाला नेता येतं का, हेही तिथेच कळतं. बूट, पावसाळी कपडे, स्लीपिंग बॅग हे बहुधा स्वतःचं घ्यावं लागतं आणि ही रक्कम फीच्या तक्त्यात नसते. फील्ड फी नावाची वेगळी ओळ असते, ती दर सत्राला आहे की वर्षाला ते नीट वाचा.

तिथून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. पहिल्या वर्षाचे अजून हरखलेले असतात आणि शेवटच्या वर्षाचे थकलेले. दुसऱ्या वर्षाच्यांना विचारा की शिक्षकांपैकी कोण अजून स्वतः गट घेऊन जातं, आजारी पडलेल्याचा बुडालेला फील्डचा दिवस भरून कसा देतात, दमा किंवा मधुमेह असलेल्यांना काय अनुभव आला, आणि मुलींना मोहिमेत दोर, नकाशा आणि निर्णय मिळतात की स्वयंपाकाची यादी.

नोकरीचं चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही. सुरुवातीचं काम बहुतेक ठिकाणी हंगामी असतं, पगार थोडा, राहणं-खाणं त्यात धरलेलं, आणि हंगाम संपला की पुन्हा शोधाशोध. पस्तिशीत गुडघे बोलू लागतात. म्हणून या पदवीसाठी मोठं कर्ज काढण्याआधी मी दहादा विचार करायला सांगेन. शिक्षण, मानसशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र मुख्य आणि आउटडोअर जोडविषय, अशी सोय असलेलं कॉलेज मला अनेकांसाठी जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि कॉलेज टिकेल का? हा प्रश्न इथे जरा जास्तच लागू पडतो, कारण हे अभ्यासक्रम बहुधा लहान, आडगावच्या कॉलेजांत वाढले. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ साली बंद झालं, विस्कॉन्सिनमधलं नॉर्थलँड कॉलेज २०२५ साली. मेन राज्यातल्या युनिटी कॉलेजने निवासी शिक्षणाकडून आपला भर ऑनलाइनकडे वळवला. फील्डमधले छोटे गट कॉलेजला महाग पडतात, तेव्हा काटकसर करायची झाली की नजर आधी इकडे वळते. दरवर्षी किती जण प्रवेश घेतात, कायमस्वरूपी शिक्षक किती आणि अभ्यासक्रम मध्येच थांबला तर उरलेलं शिक्षण कुठे पूर्ण करून देणार, हे लेखी विचारावं.

परदेशात जाऊन शिकणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. साउथ-ईस्टर्न नॉर्वे विद्यापीठाच्या बो कॅम्पसवर फ्रिलुफ्ट्सलिवचं शिक्षण मिळतं आणि नॉर्वेतली सरकारी विद्यापीठं फुकट असं अजूनही बरेच जण सांगतात. २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपीय गटाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे फी लागते. दुसरी गोष्ट व्हिसाची. या क्षेत्रात उन्हाळ्यातलं काम हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे व्हिसा काय करू देतो ते प्रवेशाआधी बघावं लागतं. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर कॉलेजबाहेरचं काम सहसा पहिलं शैक्षणिक वर्ष संपल्यावरच, आणि तेही रीतसर परवानगी काढून करता येतं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत पूर्णवेळ नोकरी चालते, पण स्वयंरोजगार चालत नाही, आणि तिथले बरेच प्रशिक्षक दिवसाच्या मोबदल्यावर स्वतंत्रपणेच काम करतात. तेव्हा ब्रिटनमध्ये हंगामाचं काम घेताना केंद्राकडून नोकरीचा करार मिळतोय ना, याची खात्री करून मगच हो म्हणा.